देवघरातला कपड्यांचा ढीग

मैत्रिणींनो, आज माझी पुरती अब्रू गेली.

ह्यांच्या मावशी डिंभ्याहून संध्याकाळच्या एसटीने येणार होत्या. वाटेत जीप मिळाली म्हणून दुपारीच दारात! आम्ही दोघं नोकरीवाले, आठवड्याचे धुतलेले कपडे सोफ्यावरच पडलेले. ह्यांनी त्यांना पाय धुवायला पाणी देईपर्यंत मी सगळा ढीग आतल्या खोलीत टाकला आणि दार ओढून घेतलं.

एक विसरले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी देवाच्या पाया पडतो, मग टेकतो. आणि देव्हारा त्याच खोलीत.

चहा ठेवून वळले, तर मावशी आत मांडी घालून ह्यांच्या बनियनची घडी घालत होत्या.

"राहू द्या हो मावशी," मी रडकुंडीला आले.

"आगं, माझ्या घरी यापरीस लई पसारा हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून तर तुमाला कधी या म्हनत न्हाई."

लग्नाला नऊ वर्षं झाली. इतके दिवस मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही.

त्यांच्यासोबत घड्या घालत बसून पाय दुखतायत, अर्धा ढीग अजून तसाच आहे. खरं सांगा, पसारा दिसेल म्हणून तुमचंही कुणाला 'या' म्हणायचं राहिलंय का?