जरीच्या चार माश्या

श्रीकांतचा मासेमारीचा फ्लाय रॉड विकायचा, असं मी ऑक्टोबरमध्ये ठरवलं. दुबई मरीनाकडचा एक माणूस घ्यायला तयार होता. रविवारी संध्याकाळी नक्की सांगते, असं मी त्याला कळवलं. त्याआधी शनिवारी रॉड एकदा पाण्यावर न्यायचा, एवढ्यासाठी ही सहल झाली.

श्रीकांत माझा नवरा. तो जानेवारीत गेला. मार्चमध्ये आम्ही हिमाचलला ट्राउट पकडायला जाणार होतो. थंडीत तिथल्या डोंगरी ओढ्यांवर मासेमारी बंद असते आणि मार्चच्या सुरुवातीला ती पुन्हा सुरू होते. हे वेड त्याला देवराजने लावलं. देवराज कुल्लूकडचा, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्याचं गॅरेज आहे. गाडीचं ऑइल बदलून होईपर्यंत तो श्रीकांतला आपल्या गावच्या ओढ्याबद्दल सांगत बसायचा. मग आमच्या घरात रॉड आला, टेबलाला लावायचा छोटा शिकंजा आला. फ्लाय म्हणजे हुकवर पिसं आणि दोरे गुंडाळून केलेली खोटी माशी. माझ्या जुन्या नारायणपेठ साडीच्या काठातली जर सोडवून श्रीकांतने अशा चार माश्या बांधल्या. त्यातली एकही पाण्याला लागली नव्हती.

अमिरातीत ट्राउट नाही. पण उन्हाळा सरला की पूर्व किनाऱ्यावर सकाळच्या वेळी लहान मासे अगदी काठाशी येतात, आणि डोंगरही तिथे समुद्राला भिडलेले आहेत. "भाभीजी, बेचना है तो बेचो," देवराज म्हणाला, "पर एक बार गीला तो करो."

पहाटे पाचला निघालो. देवराज त्याच्या पिकअपमध्ये पुढे, मागे माझ्या गाडीत मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी सई. "आय हॅव अ टेस्ट ऑन मंडे," एवढं बोलून ती झोपली. शारजाहून पूर्व किनाऱ्यावरच्या खोरफक्कानचा रस्ता उत्तम आहे. एकापाठोपाठ एक बोगदे लागतात आणि दर बोगद्यानंतर डोंगर थोडा जास्त उजळलेला दिसतो. खोरफक्कानला कडक चहा प्यायलो, दोन दिरहमला एक, म्हणजे पन्नासेक रुपये. सोबत अंडा-पराठा. तिथून डावीकडे दिब्ब्याच्या दिशेने वळलो. जाणार असाल तर पेट्रोल आणि पाणी आधीच भरून घ्या, आणि मासेमारीच्या परवान्याची चौकशी करा. आम्ही तो घरूनच ऑनलाइन काढला होता.

पोहोचलो ती जागा म्हणजे एका कोरड्या वादीचं तोंड. पावसात डोंगरातलं पाणी इथून समुद्रात येतं. त्या दिवशी नुसते गोटे होते. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजता यावेत.

मी डबा उघडला. देवराजने एक माशी उचलली, नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं.

"भाभीजी, यह डिब्बा कहाँ रखा था?"

"कपाट में. साडियों के साथ."

"और साथ में?"

सईने वास घेतला. "आई! मॉथबॉल्स?"

डांबरगोळ्या मीच ठेवल्या होत्या. पिसांना कसर लागू नये म्हणून, एक नाही, सहा. श्रीकांतचे शर्टही त्याच कप्प्यात आहेत.

"मछली पकडनी है," देवराज म्हणाला, "कि उसको शादी में ले जाना है?"

सई पोट धरून हसली. मलाही हसू आलं. देवराजने चारही माश्या समुद्राच्या पाण्यात खळखळून धुतल्या, शेवाळात चोळल्या आणि दगडावर उन्हात ठेवल्या.

दोरी फेकायची युक्ती अशी: मनगट ताठ, हात घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत, आणि मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं. मला थांबणं जमेना. पहिली माशी मागच्या दगडात अडकून तुटली. दुसरीची गाठ मीच बांधली होती, ती सुटून माशी लांब उडाली. तिसरीवर मासा लागला. हाताला जोरदार हिसका बसला, मी घाबरून दोरी घट्ट धरली आणि मासा दोरा तोडून माशीसकट गेला.

डब्यात एकच उरली.

"बास," मी म्हटलं. "ही राहू दे. बाबाची आठवण."

सई पाण्यात पाय सोडून बसली होती. "देन व्हाय डिड वी कम?" तिने विचारलं. चिडून नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

मी माशी देवराजकडे दिली आणि गाठ त्याला बांधायला सांगितली.

ऊन चढत होतं. किती वेळा फेकलं ते आठवत नाही. एकदा दोरी मागे पूर्ण सरळ झाल्याचं हाताला जाणवलं, मग ती पुढे गेली आणि माशी हलकेच पाण्यावर पडली. हिसका बसला. "ढील दो, ढील दो!" देवराज ओरडला. या वेळी मी दोरी सोडली, मग थोडी थोडी ओढली. वीतभर लांबीचा चांदीसारखा मासा काठाशी आला.

मी हात पुढे केला तर सईने अडवलं. "आई, नो! वेट युअर हँड्स फर्स्ट. बाबा ऑल्वेज सेड." आणि कोरड्या हाताने माशाला इजा होऊ नये म्हणून तिने आधी स्वतःचे हात पाण्यात बुडवले, मासा अलगद धरला, हुक काढला. तो तिच्या ओंजळीत क्षणभर थांबला आणि निघून गेला.

बाबा तिला हे कधी सांगत बसायचा, मला माहीत नव्हतं. तो माश्या बांधायचा तेव्हा ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फोन घेऊन बसलेली असायची, एवढंच मी पाहिलं होतं.

दिब्ब्यात मासळी-भात खाल्ला, तिघांचे नव्वद दिरहम, आणि चारपर्यंत घरी आलो. खाऱ्या पाण्यात वापरलेला रॉड आणि रील गोड्या पाण्याने धुवावे लागतात. ते बाथरूममध्ये धुतले आणि बाल्कनीत वाळत ठेवले. चौथ्या माशीची जर उसवली होती, पिसं गेली होती. ती मी तशीच ठेवली, पण कपाटात नाही, टेबलावर. श्रीकांतचे शर्टही बाहेर काढले आणि डांबरगोळ्या फेकून दिल्या.

रविवारी मरीनाच्या माणसाला कळवलं की रॉड विकायचा नाही, आणि माफी मागितली. मार्चमधल्या रजेचा अर्ज सोमवारी ऑफिसमध्ये देते आहे. देवराजने गावी भावाला फोन करून ठेवला आहे.

हे लिहिताना सई शिकंज्यासमोर बसली आहे. टेस्टचं पुस्तक बाजूला उघडं आहे. तिने बांधलेली पहिली माशी झुरळासारखी दिसते.

"आई, डू वी हॅव मोअर ऑफ दॅट साडी?"

आहे. दुसरा काठ अख्खाच आहे. मी साडी तिच्यासमोर ठेवली आणि कात्री शोधायला उठले.