गडावर अनवाणी

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आहे. लहानपणी नदीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले, पायाचं हाड मोडलं, हाड बसवणाऱ्याने ते आपल्या अंदाजाने बसवलं, आणि तो अंदाज चुकला. आता या वयात मी हे कुणालाही सांगते. भाजीवालीने विचारलं तरी सांगते. पण लग्नाच्या वयात ही गोष्ट आमच्या घरात चोरीच्या मालासारखी लपवून ठेवलेली होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं आई म्हणायची.

नुकतीच भाषावार राज्यं झाली होती. पलीकडे मराठी राज्यात पेढे वाटले गेले आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर अलीकडे, हिंदी राज्यात राहिलो. बाबा मराठी शाळेत मास्तर. आता त्यांना भूगोल हिंदीतून शिकवावा लागे, आणि घरी आल्यावर ते तोच धडा स्वतःशी मराठीत पुटपुटत. त्यांनी एकच धास्ती घेतली होती. पोरीला सीमेवरच्या इच्छापूरच्या पलीकडे दिली नाही, तर नातवंडं आपल्याशी हिंदीत बोलणार. म्हणून भुसावळचं स्थळ चालून आलं तेव्हा घरात दिवाळीच झाली. मुलगा नोकरीचा, वडील नाहीत, घरी फक्त आई. ती मात्र कडक सोवळ्याची. आणि तिच्या कानावर कुणीतरी घातलेलं होतं, की मुलीच्या पायात काहीतरी आहे.

त्यावर बाबांनी तोड काढली. मुलाच्या आईला असीरगडावरच्या महादेवाचं दर्शन घ्यायचं होतं. अश्वत्थामा तिथे रोज पहाटे फूल वाहून जातो म्हणतात, तोच महादेव. बाबा म्हणाले, "आपणच घेऊन जाऊ त्यांना. गड चढून गेलेल्या पोरीला लंगडी कोण म्हणेल?" आईने मोच्याकडून माझ्या उजव्या चपलेच्या टाचेत चामड्याचे तुकडे बसवून आणले. मला अंगणात चालवून पाहिलं. "बिलकुल मालूम पडत नाही," आई खूश होऊन म्हणाली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही पाचजण मोटारीने गडाखाली उतरलो. वाट काही फार अवघड नाही. खाली सीताफळाची झुडपं, मग दगडी चढण, मग एकामागून एक दरवाजे. पण मागून कुणी तुमच्या टाचांकडे बघत चालत असेल, तर सपाट रस्ताही गड होतो. मुलाची आई मुद्दाम माझ्या मागे राहिली होती. बैल बाजारात चालवून बघतात, तसं चाललं होतं ते. माझे कान तापले होते. तरी मी ताठ चालत होते, कमरेवर पाण्याची कळशी घेऊन, कारण खरं सांगायचं तर मला ते लग्न हवं होतं. मुलगा पुढे चालत होता आणि सुटा दगड आला की मागे वळून "जपून हं" म्हणत होता. तेवढ्यानेच मी विरघळले होते. त्या वयात फार लागत नाही.

मधल्या दरवाज्याच्या सावलीत आम्ही खायला बसलो. दुधात भिजवलेल्या, म्हणून सोवळ्यात चालणाऱ्या दशम्या आईने केल्या होत्या. त्या मी वाढल्या, केळी दिली, कळशीतलं पाणी ओतलं. मुलाची आई म्हणाली, "तुमच्या बोलण्यात हिंदी फार येतं बाई. पण पोरगी चालते छान." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्न लागलंच.

माथ्यावर पोचलो. तळं समोर आलं, वाऱ्याने शहारलेलं. एवढ्या उंचावर एवढं पाणी पाहून मुलगा "वा!" म्हणाला. बाबांनी त्याला तळ्याची माहिती सांगायला सुरुवात केली, मास्तरच ते, आणि सांगत सांगत दोघं चपला काढून, पाय धुऊन देवळाकडे गेलेसुद्धा. मुलाच्या आईनेही वहाणा काढल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी गडाचा विचार केला होता, आईने चपलेचा केला होता. देवळात अनवाणी जावं लागतं, याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नव्हता. आणि आम्ही आलो होतो कशासाठी, तर दर्शनासाठी! आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आई घाईघाईने म्हणाली, "ती नाही येणार आत. तिला अडचण आहे."

बाईने देवळात न जाण्याचं दुसरं सभ्य कारण आमच्या आईला सुचलं नाही. मुलाच्या आईचा चेहरा पांढरा पडला.

"अडचण? अहो, मग मघाशी दशम्या कोणी वाढल्या? पाणी कोणी दिलं?"

आगीतून निघून आम्ही फुफाट्यात पडलो होतो. त्या बाईने पुढे ऐकून घेतलंच नाही. "शिव शिव" म्हणत ती नेसत्या लुगड्यानिशी तळ्यात उतरली आणि त्या गारठ्यात तिने डोक्यावरून बुडी मारली. आवाज ऐकून बाबा आणि मुलगा धावत बाहेर आले.

"तूही उतर पाण्यात!" ती तिथूनच मुलावर ओरडली. "मुलगी बाहेरची आहे. आपण तिच्या हातचं खाल्लंय!"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्या काळी ही गोष्ट बापासमोर कुजबुजीतसुद्धा निघत नसे. इथे तर ती तळ्याच्या काठावर ओरडून सांगितली जात होती, आणि तीही खोटी. मुलाने मान खाली घालून सदऱ्याची गुंडी काढायला घेतली. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. लाजेने मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या घटकेला कळलं. त्यापुढे पायाची लाज काहीच नव्हती.

मी चपला काढल्या आणि चालत निघाले. उजवा पाय टेकला की अंग एका बाजूला जायचं, ते सगळ्यांदेखत गेलं. देवळाच्या पायरीपाशी वळून मी म्हणाले, "मला काही झालेलं नाही. माझा पाय आखूड आहे."

मुलाची आई कमरेइतक्या पाण्यात कुडकुडत उभी होती.

"मग मला कशाला बुडवलं गं?" ती म्हणाली.

मुलगा फसकन हसला आणि लगेच गप्प झाला. ती पाण्यातून बाहेर आल्यावर आईने आपली शाल तिला दिली. तिने अंग पुसलं, ओलेत्यानेच दर्शन घेतलं आणि बाहेर येऊन, न रागावता, बाबांना म्हणाली, "पोरगी खोटी नाही, ते मी पाहिलं. पण आमच्याकडे पाणी लांबून भरावं लागतं, मास्तर. असल्या पायाने कसं निभायचं?"

त्या सबंध चढणीवर कळशी माझ्या कमरेवर होती. मला वाटलं, बाबा आता हे बोलतील. वर्गात एवढ्या-तेवढ्यावर तासभर बोलणारा माणूस.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

उतरताना ते मायलेक बरेच पुढे गेले. मुलगा एकदाही मागे वळला नाही. आई डोळ्यांना पदर लावून चालत होती. मी तिला रागाने म्हटलंसुद्धा, "आता रडून काय फायदा?" ती पदर तसाच धरून भराभर पुढे चालू लागली. बाबा माझ्या शेजारी होते. लोकांची लाज, मुलाची लाज, सगळं आता खाली पडल्यासारखं वाटत होतं. एकच गोष्ट विचारायची राहिली होती. शेवटी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माझ्या पायाची लाज वाटते का हो?"

ते थांबले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला, खालच्या दरवाज्याकडे पाहिलं.

"नाही गं," ते म्हणाले.

ते उत्तर येईस्तोवर आई पुढचं वळण ओलांडून दिसेनाशी झाली होती.