वेगळं गाऱ्हाणं

जत्रेच्या सकाळी आमच्या कोकणातल्या गावी देवळाबाहेर रांग लांबली होती. नारळ ठेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी गर्दी पाहून तो म्हणाला, "सगळ्यांचा एकच गाराणा घालतंय. येळ नाय."

माझ्यापुढच्या सुलभाकाकींनी ठेवलेला नारळ परत उचलला. शेजारी त्यांची मुलगी मंदा होती. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच घाटातून प्रवाशांची बस नेणार होती.

"माझ्या चेडवाचा येगळा घाल," काकी म्हणाल्या.

"देवाक काय ठावक नाय?"

"देवाक ठावक आसा. तुका नाय, म्हणान सांगतंय."

रांगेत हसू पसरलं. गुरवाने नारळ घेतला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही मंदा उद्या घाटात बस चालवतली. तिच्या हाताक बळ दी, गाडयेतल्या सगळ्यांका सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा," रांग म्हणाली. एरवी पुटपुटला जाणारा तो होकार त्या दिवशी सभामंडपाबाहेर ऐकू गेला. मान खाली घालून उभी असलेली मंदा ताठ झाली.

देवाचा आशीर्वाद सगळ्यांवर असतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण घाटातलं वळण एकटीलाच घ्यायचं असतं. तिथे पुरणारं बळही तिच्याच नावाचं असावं लागतं.

गुरव पुढच्या माणसाकडे वळला. "हां," तो म्हणाला, "तुजा काय ता सांग."