बासरीतल्या श्वासाच्या जागा

शनिवार, चार तारीख. हजर : मी आणि वसंतकाका. आमच्या नृत्यवर्गाच्या कार्यक्रमांत काकांनी वर्षानुवर्षं बासरी वाजवली. आता त्यांची फुप्फुसं साथ देत नाहीत, म्हणून यंदाची बासरी मी संगणकावर बसवते आहे.

सूर चोख लागले होते, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींडही जमली होती. तरी ऐकताना मलाच थकवा येत होता.

"ताई, हा गडी श्वास कुठे घेतो?" काकांनी विचारलं. "एवढ्यात मी दोनदा मेलो असतो!"

मग जिथे श्वास घ्यावा लागेल तिथे ते टेबलावर बोट आपटत गेले आणि त्या त्या जागी मी सूर जरासा तोडत गेले. पुन्हा लावलं, तेव्हा अशा प्रत्येक जागी काकांची छाती नकळत वर येत होती. बासरी आता खरी वाटत होती. सुरातला गोडवा बराचसा माणसाच्या दमण्यातूनच येत असावा.

निघताना ते म्हणाले, "पत्रिकेत माझं नाव घालू नका हं. मी कुठे वाजवलंय?"

तबला, गायन, वेशभूषा, प्रकाशयोजना, सगळी नावं लिहून झाली आहेत. 'बासरी'पुढची जागा अजून भरायची आहे.