सहा शीटची भिंत

सोपान गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. दुसरी शिफ्ट आत जात होती आणि त्याचा शेजारी सायकल धरून उभा होता. "सोपानभाऊ गेले," एवढंच म्हणाला. मी आत गेलो, कार्ड पंच केलं, मशीन सुरू केलं… दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

सोपान माझ्याच खात्यात, शेजारच्या लेथवर. आमच्या भागाची सुट्टी गुरुवारी आणि तंबू टॉकीजमध्ये नवा सिनेमा शुक्रवारी, म्हणून सुट्टीच्या दिवशी हा गडी खळीची बादली घेऊन काळेवाडीपासून चिखलीपर्यंत पोस्टरं चिकटवत हिंडायचा. मी शिडी धरायला. लहान पोस्टर तीस बाय चाळीस इंचांचं, एकाच कागदाचं. मोठं सहा शीटचं. रुंदीला दोन कागद, उंचीला तीन, माणसाच्या डोक्यावर जाणारं. विलायतेत पोस्टर आडवं असतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "तिकडच्या भिंती ठेंगण्या असतील राव," म्हणून तो मोकळा झाला. पण चिकटवणाऱ्याला पोस्टर आख्खं कधी दिसत नाही. हिरॉइनचं नाक हातभर अंतरावरून बघायचं आणि पुढच्या भिंतीकडे पळायचं. मग मला म्हणायचा, "मागं सर की, जवळून काय दिसतंय? कशी दिसती ते सांग."

एक सहा शीटचं पोस्टर मात्र त्यानं कधीच लावलं नाही. लग्नानंतर तारावहिनींसोबत पाहिलेल्या पहिल्या सिनेमाचं, मान वळवून बघणाऱ्या नायिकेचं. दुसऱ्याच्या भिंतीवर लावलं तर पुढच्या शुक्रवारी झाकलं जाणार, आणि त्याच्या काळेवाडीतल्या पत्र्याच्या खोलीत ते मावणं शक्यच नव्हतं. चिखलीतल्या गुंठाभर जागेत घर बांधायचं, एक भिंत कोरी ठेवायची आणि एकदा सवडीनं मागं सरून ते आख्खं बघायचं, हा त्याचा हट्ट. वहिनी चिडवायच्या, "घर आमच्यासाठी का तिच्यासाठी?"

भिंत छातीपर्यंत आली आणि सिमेंट संपलं. नव्या पोत्यांचं सरकारी परमिट काही मिळेना. त्यातच त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला, डॉक्टरांनी हात टेकले… आम्ही नुसते त्या अर्ध्या भिंतीकडे बघत राहिलो. शेवटी एका गुरुवारी त्याला टेम्पोत घालून प्लॉटवर नेलं. त्या पोस्टरचे सहाही कागद जमिनीवर जुळवून मांडले, उडू नयेत म्हणून वर विटा ठेवल्या. खुर्चीतून सोपान म्हणाला, "तिच्या तोंडावरच्या विटा काढा रे. बघू दे मला." काढल्या. नीट दिसावं म्हणून तो उठून मागं सरायला लागला, आम्ही त्याला सावरायला धावलो आणि तेवढ्यात वाऱ्यानं अर्धा चेहरा उचलला. बाभळीत अडकून त्या कागदाच्या चिंध्या झाल्या. सोपानच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, जुना कागद हाय." त्याचा तो समजूतदारपणा मला अजून सहन होत नाही.

मागच्या आठवड्यात काळेवाडीला गेलो. उरलेला अर्धा चेहरा वहिनींनी त्याच्या खाटेसमोर चिकटवलाय. एक शीट तेवढं मावतं.

"बघा भावजी, सरळ लागलंय का?" त्यांनी विचारलं.

सवयीनं मी मागं सरलो. लगेच पाठ पत्र्याला लागली.