शेटचे निसटलेले मासे

किन्हवलीहून येणारी सर्व्हिस मोटार आमच्या मुरबाडच्या शाळेपुढे कधी थांबत नाही. तिचा थांबा पुढे बाजारात. त्या मंगळवारी ती फाटकापाशीच उभी राहिली आणि ड्रायव्हर टोपी हातात घेऊन वर्गाच्या दाराशी आला. मी चौथीला भागाकार शिकवत होतो. "मास्तर, सोनारशेट गेले... काल सांजच्याला. दोन दिवस ताप होता, बाकी काय नाय," एवढंच तो म्हणाला. खरं सांगतो, मला रडू आलं नाही, राग आला. रविवारी काळू नदीच्या काठावर भेटायचं ठरलं होतं, गळाला लावायच्या बेडक्या मी आणायच्या, कणीक शेटनी, आणि हा माणूस मला न सांगता चालता झाला! "असं कसं गेले?" म्हणून मी त्या बिचाऱ्या ड्रायव्हरवरच खेकसलो. मग फळ्याकडे वळलो तर अर्धवट राहिलेलं गणित दिसेना. आज सहा आठवडे झाले. राग गेला आहे. त्याच्या जागी जे आलं आहे ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शेट म्हणजे किन्हवलीचे विष्णुशेट सोनार. आम्हा दोघांना एकच वेड, गळ टाकून मासे धरण्याचं. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी आमची ओळख झाली. मी नुकताच मुंबईहून एक जुनं विलायती रीळ आणि रेशमी दोरी घेऊन आलो होतो आणि काळूच्या काठावर ऐटीत बसलो होतो. समोरच्या खडकावर एक किडकिडीत गृहस्थ कळकाची साधी काठी घेऊन सुपारी कातरत बसलेले. सकाळभरात माझ्या गळाला तीन मरळी लागल्या आणि तिन्ही सुटल्या. त्यांच्या पिशवीत दोन. तिसरी सुटली तेव्हा मी काठी आपटली आणि तोंडाने जे निघालं ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं. गृहस्थ पाण्यातून चालत माझ्याकडे आले. "घाई कोणाला हाय, तुमाला का मरळीला?" म्हणाले. मरळ बेडकी नुसती तोंडात धरते, मग ती घेऊन वळते, खाली जाते आणि तिथे गिळते. धरल्या धरल्या हिसडा दिला तर बेडकी तेवढी हातात येते. "ओढ लागली की दोरी सैल सोडा आणि... मास्तर ना तुमी? मग एकोणतीसचा पाढा म्हना. दाहेवर आलात की मग वढा."

मला वाटलं, माणूस माझी थट्टा करतोय. करतच होते म्हणा. पण पुढच्या मरळीला मी दातओठ खाऊन एकोणतीस एके एकोणतीसपासून सुरुवात केली, दोनशे नव्वदवर काठी उचलली, आणि हातभर लांब, काळीभोर मरळ खडकावर येऊन पडली. शेट पलीकडून ओरडले, "पास झालात!" त्या दिवसापासून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर. माझा स्वभाव म्हणजे दुधाला उतू जायला वेळ लागेल, मला नाही. घरी, शाळेत, बाजारात मी सगळ्यांशी भांडत असे. नदीवर मात्र हा पाढा म्हणत बसायचो आणि संध्याकाळी घरी जायचो तो शहाण्यासारखा. माझी बायको म्हणायची, "तुम्ही मासे आणा नाहीतर नका आणू, पण रविवारी जात जा."

शेटच्या दुकानात एका कोपऱ्यात दागिन्यांचं काम आणि दुसऱ्या कोपऱ्यात आमचं. खर्डीचे स्टेशनमास्तर, शहापूरचे एक वैद्य आणि मी, असे तिघे हौशी तिथे शनिवारी जमायचो. लढाई सुरू झाली आणि विलायती गळ मिळेनासे झाले, तेव्हा शेटनी आम्हा सगळ्यांची शाळाच चालवली असं म्हटलं तरी चालेल. गोधडी शिवायच्या जाड सुया ते शेगडीत लाल करायचे, फुंकणीने जाळ धरायचे, चिमट्याने एका झटक्यात वाकवायचे. मग टोकाच्या जरा आत छिन्नीने एक बारीक उलटा काटा उभा करायचे. हा काटाच माशाला सुटू देत नाही. वरून करंजाच्या तेलात बुडवला की गळ असा कडक व्हायचा की विलायती त्याच्यापुढे फिका. गळ बांधायची तात मिळेना तर सतारीची तार लावली. खडसासारख्या मोठ्या माशाला भुलवायला पाण्यात ओढायचा पितळी चमचा ते पत्र्यातून ठोकून काढायचे आणि चिंचेने घासून आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. "चमचा गरगरला पायजे, फडफडला नाय पायजे. फडफडतो तो घाबरलेला. घाबरलेल्याला खडस हुंगत पन नाय," असं ते सांगायचे आणि तांब्याभर पाण्यात चमचा फिरवून दाखवायचे. काही शिकवायचं राखून ठेवलं असं त्यांनी कधी केलं नाही. मी इतकी वर्षं मुलांना शिकवतो आहे, पण शिकवावं कसं ते मी त्या दुकानात शिकलो.

एक गोष्ट मात्र त्यांनी फक्त मलाच दाखवली. काळूच्या वरच्या अंगाला एक डोह होता. खडस म्हणजे मोठ्या सोनेरी खवल्यांचा, जोरकस, मानी मासा. आमच्याकडे तसा विरळाच. त्या डोहात खडसांचा कळप होता. उन्हं उतरताना शेटनी मला खडकावर पालथं झोपवून खाली बघायला लावलं. हातभर लांबीचे मासे शांतपणे फिरत होते. मी तोंडातून 'अबब' काढला तर त्यांनी माझ्या पाठीवर चापट मारली. "यातला वर्साला एकच धरायचा. आणि मास्तर, कोनाला बोलायचं नाय. बायकोला पन नाय." मी आईची शपथ घेतली. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या मुरबाडला ठाऊक आहे, शेटनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी दाखवला.

पुढच्याच उन्हाळ्यात मी ती शपथ मोडली. वैशाखरे गावात चहाच्या दुकानात मोटारीची वाट बघत बसलो होतो. कोळशावर चालणारी मोटार, कधी येईल याचा नेम नाही. शेजारी सडकेच्या कामावरचा एक मुकादम आपल्या गावच्या नदीची बढाई मारत होता. तुमच्या या ओढ्यात काय, बोटभर मासे, म्हणाला. झालं! माझं डोकं भडकलं. "बोटभर? अरे चल, दाखवतो," म्हणून मी त्याला डोहाचा सगळा पत्ता सांगून मोकळा झालो, कुठल्या जांभळीखालून वाट जाते तेसुद्धा. त्या वेळी पाढा आठवला नाही. सडकेसाठी दगड फोडायला त्याच्याकडे सुरुंगाची दारू होती, हे समोर दिसत असूनही डोक्यात शिरलं नाही.

दोन आठवड्यांनी मी आणि शेट डोहावर गेलो. पाणी गढूळ होतं. सुरुंग उडवून मोठे मासे मुकादमाचे लोक घेऊन गेले होते. जे त्यांना नको होतं ते कडेच्या दगडांत पडलं होतं, बोटाएवढी, वितीएवढी पिल्लं, पोटं पांढरी करून, शेकड्यांनी. वास सुटला होता. शेट उकिडवे बसले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "मास्तर, कोनाला बोललात?" खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हो. बोललो." त्यांनी शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर फार बरं झालं असतं. ते उठले, काठी खांद्यावर टाकली. "तुमी मोटारीनं जा. मी चालत जातो," म्हणाले आणि गेले.

अकरा महिने आमचं बोलणं नव्हतं. मी पत्रं टाकली, उत्तर नाही. दोनदा किन्हवलीला जाऊन दुकानासमोरून परत आलो, पायरी चढायची छाती झाली नाही. रीळ माळ्यावर टाकलं आणि कानाला खडा लावला. माशांचं काय, नदी सोडता येते. पण या एका माणसाजवळ बसून मी माणसासारखा वागत होतो, ती जागा मी स्वतःच्या जिभेने घालवली होती आणि ती परत मिळेल अशी आशा उरली नव्हती. मग एक दिवस मधल्या सुट्टीत बघतो तो शेट शाळेच्या पायरीवर बसलेले, सुपारी कातरत. त्यांनी एक पुडी पुढे केली. आत सहा नवे गळ. "तुमच्यासाठी केलेत. आयतवारी या," म्हणाले. मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. "पाढा पाठ हाय ना अजून? मग बास." डोहाचा विषय त्यांनी पुढे कधी काढला नाही. माझी काढायची हिंमत झाली नाही.

त्यानंतरची पाच वर्षं आम्ही खालच्या डोहांवर बसायचो. एक बदल मात्र झाला. शेटचे मासे निसटायला लागले. ओढ लागायची, काठी वाकायची, मासा काठापर्यंत यायचा आणि सुळकन जायचा. माझ्या पिशवीत चार, त्यांच्याकडे एखाद-दुसरं खडसाचं वितीएवढं पिल्लू, तेही जिवंत, पाण्याने भरलेल्या घागरीत. मी सोडतो का! "शेट, गुरू म्हातारा झाला. आता तुम्ही माझ्याकडे शिकवणी लावा. आणि वहिनींना एवढंसं पिल्लू जिवंतच लागतं काय शिजवायला?" ते हसायचे. "तिला ताजा लागतो," म्हणायचे. संध्याकाळी मी मोटारीने परत यायचो. ते घागर खांद्यावर घेऊन उलट्या दिशेला, डोंगराकडे चालायला लागायचे. वरच्या गावात गिऱ्हाईक आहे, दागिना पोचवायचाय, असं सांगायचे. दर रविवारी दागिना कोण घडवतं, हे मला कधी सुचलं नाही. पाच वर्षं मी त्यांना चिडवलं, आणि त्यांनी ते गोड मानून घेतलं.

तेराव्यानंतर मी किन्हवलीला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि शेटचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "भावजी, हा तुमालाच. दुसरं कोन वापरनार?" बोलता बोलता मी म्हणालो, वहिनी, आता तुम्हाला ताजे मासे कोण आणून देणार. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मासे? पाच वर्सांत या घरात त्यांच्या हातचा मासा आला नाय. इचारलं की म्हनायचे, सुटला. आयतवारी अंधार पडता यायचे, पाय चिखलानं भरलेले, घागर रिकामी." मी डबा उघडला. आत दोन पुड्या होत्या. एकीवर 'मास्तर' असं लिहिलेलं, त्यातल्या गळांना उलटा काटा होता, उत्तम उभा केलेला. दुसरीतले गळ त्यांचे स्वतःचे. त्यांचं टोक बोटावर फिरवलं तर गुळगुळीत! एकूण एक गळाचा काटा कानशीने घासून काढलेला. सोनाराचं काम, खूणसुद्धा ठेवली नव्हती. असा गळ माशाचं तोंड फाडत नाही. मोठा मासा अर्ध्या वेळा निसटतो. जो येतो, तो पिल्लू असलं तरी धडधाकट येतो, घागरीत जगतो... वहिनी काहीतरी विचारत होत्या, मला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी वर गेलो, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. वाटेत शेरडं चारणारी एक म्हातारी भेटली. डोहाकडे जातो म्हटल्यावर तिने विचारलं, "घागरवाले सोनारदादा नाय आले? वड्यावड्याला घागरीतलं पानी बदलत यायचे. मी म्हनायची, दादा, नदीत पानी कमी पडलं काय रे, तू वतायला चाललास!" ते गेल्याचं मी तिला सांगितलं. ती तिथेच खाली बसली. मी पुढे जाऊन त्याच खडकावर पालथा झोपलो. पाणी स्वच्छ होतं. आधी काही दिसेना. मी हळूहळू पाढा म्हणायला लागलो. सातेपर्यंत आलो असेन, तर कपारीतून एक खडस निघाला, मागून दुसरा, मग पाच-सहा. हातभर नाहीत अजून, पण दीड वितीचे नक्की. आणि त्यांच्या खाली, वाळूवर, बोटाएवढ्या पिल्लांचा घोळका. ती घागरीतून आलेली नव्हती, डोहातच जन्मली होती. मी केलेलं नुकसान त्या माणसाने घागरीघागरीने भरून काढलं, आणि मला कळू दिलं नाही. कळलं असतं तर मी शरमेने नदीवर पुन्हा आलो नसतो, हे त्यांना माहीत होतं. तिथे मात्र मी रडलो, चांगला हुंदके देऊन. शेट, तुमचे उपकार कसे फेडू, असं मोठ्याने म्हणालो. दुःख होतं, पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे की मला असा माणूस मिळाला.

डबा आता माझ्या टेबलावर आहे. माझ्या पुडीतले गळही मी कानशीने घासायला घेतले आहेत. त्यांच्यासारखे गुळगुळीत होत नाहीत. काल रात्री हा मजकूर बायकोला वाचून दाखवला. तिने डोळे पुसले, मग म्हणाली, "सगळं लिहिलंत, पण डोहाचं नाव घालायचं राहिलं. कुठे आहे तो नक्की?" नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी डब्याकडे बघितलं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी... दाहेपर्यंत गेलो. तोवर ती कंटाळून आत निघून गेली होती.