देवळालीची जळू आणि आप्पांचे बूट

आमच्या आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, काळे बूट दर रविवारी चकाचक पॉलिश होतात. गेल्या दोन वर्षांत त्यांनी ते एकदाही घातलेले नाहीत. डाव्या घोट्याच्या वर, फुगलेल्या शिरांमुळे झालेली जखम आहे. ती भरत येते आणि पुन्हा उघडते, आणि बुटाची कड नेमकी तिच्यावरच घासते. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस लग्नाकार्यात रबरी चपला घालून जातो आणि फोटोच्या वेळी मागच्या रांगेत सरकतो, हे मला बघवत नव्हतं. त्यामुळे संगमनेरच्या आमच्या सर्जनांनीच "घट्ट मोजे चालूच ठेवा, पण नाशिकला आयुर्वेदाच्या एक डॉक्टर जळवा लावतात, त्यांनाही दाखवून बघा," असं सुचवलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी गाडीच्या चाकांत हवा भरून आणली.

आप्पांना मी अर्धंच कारण सांगितलं. "देवळालीला जायचं का?" एवढंच. देवळाली कॅम्पात त्यांनी तोफेचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे गडी लगेच तयार. जळवांचा विषय मी सिन्नर ओलांडल्यावर काढला.

"गाडी फिरव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, अहो, तुम्ही तोफा चालवल्यात!"

"तोफ अंगाला चिकटत नाही."

रस्त्याबद्दल सांगायचं तर संगमनेर-नाशिक रस्ता झकास आहे, सकाळी लवकर निघालात तर दोन तास फार झाले. खरी परीक्षा नाशिक रोडच्या गर्दीत. तिथून लॅम रोडला लागलो की मोठी झाडं सुरू होतात आणि आपोआप वेग कमी होतो. राहायला आम्ही एका जुन्या सॅनिटोरियममध्ये खोली घेतली. हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त, उंच छत, लांबलचक व्हरांडा, फक्त गरम पाण्यासाठी सकाळी बादली घेऊन उभं राहायची तयारी ठेवा. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा रोग्यांना इथे हवापालटासाठी आणत. उपचार काय, तर व्हरांड्यात पडून राहायचं आणि श्वास घ्यायचा! आज आपल्याला हसू येतं. पण त्या व्हरांड्यात अर्धा तास बसल्यावर घाटातून आल्यासारखे आंबलेले माझे खांदे खरोखर सैल झाले, हेही खोटं नाही.

संध्याकाळी कॅम्पाच्या बाजारात दाल-पकवान खाल्लं. कुरकुरीत पुरीवर घट्ट डाळ, वर कांदा, चिंचेची चटणी. चुकवू नका. आप्पांनी मात्र अर्धंच खाल्लं. रस्त्याने जवानांची एक तुकडी चालत गेली, तेव्हा ते त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत नव्हते, बुटांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आप्पा गायब. परत आले ते रिक्षातून, कपाळाला पिवळा मळवट. खंडोबाच्या टेकडीवर जाऊन आले म्हणे. "देवाला सांगून आलो," एवढंच बोलले. मला वाटलं, चला, तयारी झाली.

दवाखाना नाशिक रोडलाच, छोटा आणि स्वच्छ. डॉक्टरबाईंनी आधी शिरांची सोनोग्राफी, साखर, रक्ताचे रिपोर्ट सगळं नीट पाहिलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या जळू लावतच नाहीत, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर कागद सगळे बरोबर न्या. आणि कृपा करून तळ्यातली जळू धरून घरी प्रयोग करू नका.

आप्पांचा पाय पाण्याने पुसला. डॉक्टरबाईंनी काचेच्या बरणीतून जळू काढली आणि जखमेच्या कडेला ठेवली. आप्पांनी डोळे घट्ट मिटले. जळूने तोंड टेकवलं, आणि मागे घेतलं. पुन्हा ठेवली, तर ती चक्क उलट दिशेने पोटरीवरून पळायला लागली. दुसरी आणली. तीही पळाली. दुधाचा थेंब लावून पाहिला, तरी नाही.

मदतीला असलेल्या मावशी घोटीकडच्या. त्यांचे तर डोळेच विस्फारले. "आमच्याकडं भाताच्या आवणीला चिखलात पाय घातला की न बोलावता येत्यात, आन् इथं बोलावून बी येत नाय! लय नवल हाय बाई."

आप्पांनी डोळे उघडले. "म्हणजे तिलासुद्धा नको हा पाय," असं हळूच म्हणाले. मला एकदम रडू आलं. दोन वर्षं जो माणूस "चालायचंच" म्हणत होता, त्याने किती आशा धरली होती ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरबाई मात्र वाकून पायाचा वास घेत होत्या. मग त्यांनी काढून ठेवलेल्या मोज्याची कड उलटी केली. आत पिवळंधमक.

"आप्पा, सकाळी पायाला काय लावलंत?"

तोफखान्याचे हवालदार शाळेतल्या पोरासारखे जमिनीकडे बघायला लागले. "भंडारा. देवाचा. म्हटलं, जखमेच्या भोवती राहू दे."

डॉक्टरबाई हसता हसता खुर्चीत बसल्या. भंडारा म्हणजे हळद. आणि रक्त पिऊन झाल्यावर जळू सुटावी म्हणून तिच्या तोंडावर टाकतात ती हळदच! तिच्या वासाने ती सगळं ओकून टाकते. "तुमचा देव पावला बरं का," त्या म्हणाल्या, "पण जळू चिकटायच्या आधीच पावला. उद्या या. भंडारा फक्त कपाळाला."

तिसऱ्या दिवशी, दोनदा धुतलेल्या पायावर, जळू ठेवल्या ठेवल्या लागली. आप्पांनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मग हळूहळू पकड सैल झाली. "मुंगी चावल्यासारखं आहे," ते जरा निराशेनेच म्हणाले. जळू फुगत होती तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, की तुटलेलं बोट शिवून जोडल्यावर त्यात रक्त साठून ते निळं पडायला लागलं, तर मोठमोठ्या इस्पितळांतले सर्जनही जळवा लावतात. तिच्या लाळेने रक्त गोठत नाही, नव्या शिरांना सावरायला वेळ मिळतो. जखमेतलं मेलेलं मांस खायला निर्जंतुक अळ्या सोडतात, आणि मध लावलेल्या पट्ट्याही मिळतात. मावशींनी अळ्या ऐकून पदर नाकाला लावला.

शेवटी चिमूटभर हळद. जळू सुटली, ओकली आणि स्वच्छ पाण्याच्या बरणीत गेली. एकाची जळू दुसऱ्याला लावत नाहीत, म्हणून बरणीवर चिठ्ठी लागली, तिच्यावर आप्पांचं नाव. आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "बिचारीला त्रास झाला असेल," म्हणाले. पट्टीतून रक्त संध्याकाळपर्यंत झिरपत राहतं, तेव्हा गाडीत जुनी चादर ठेवा.

नंतर आम्ही दर आठवड्याला जात राहिलो. दवाखान्यात शिरताच आप्पांचा पहिला प्रश्न, "ती कशी आहे?" जखमेच्या कडा आधी गुलाबी झाल्या, मग आत सरकल्या. यात जळूचं श्रेय किती, मोज्यांचं किती आणि रोज पाय उंच ठेवून पडण्याचं किती, हे डॉक्टरबाईही सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. जखम पुन्हा उघडू शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

पण परवाच्या रविवारी पॉलिश झाल्यावर डबी बंद करून आप्पा तसेच बसून राहिले. मग त्यांनी आधी मोजा, मग डावा बूट चढवला. नाडी बांधायला मी पुढे झाले तर हात झटकला. फाटकापर्यंत गेले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, आणि टाचा वाजवत परत आले. मी पायरीवर बसून ऐकत होते.

"डॉक्टरबाईंना फोन लाव," आप्पा म्हणाले. मी लावून दिला. त्यांनी घसा खाकरला, ताठ उभे राहिले, आणि म्हणाले, "नमस्कार. तिला तेवढं सांगा, बूट चढला."